अडेनियमची मुळं कापताना आणि कुंडी बदलताना

फेब्रुवारी संपत आला, गच्चीवरचं ऊन पाठीला लागायला लागलं, की रोज सकाळी मी अडेनियमच्या फांद्यांची टोकं बघते. थंडीत पानं गाळून झाड बोडकं झालेलं असतं. एखाद्या सकाळी टोकाला मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसतो. तो दिसला की कात्री, ब्रश आणि रेतीची चाळणी बाहेर काढायची. मुळं कापून कुंडी बदलण्याचे दिवस आले.

ज्यांच्या घरी पहिलंच अडेनियम आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नर्सरीतून आणलं तेव्हा झाड फुलांनी भरलेलं होतं. आता वर्ष-दोन वर्षं झाली. प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगून वाकडी झाली आहे, पाणी घातलं की वरच साचतं नाहीतर कडेने सरळ खाली निघून जातं, फुलंही कमी झाली आहेत. मोठी कुंडी हवी हे कळतं, पण मुळं कापायची म्हटलं की हात धजत नाही. मुळं कापल्यावर झाडं मरतात हे ऐकलेलं असतं, आणि ते खरंही आहे. पण मी जी झाडं गेलेली पाहिली, त्यातली बहुतेक कापण्याने गेली नाहीत, कापल्यावर घाईने घातलेल्या पाण्याने गेली. एवढं लक्षात ठेवलंत तर बाकी काम हाताला आपोआप येतं.

झाडाची ओळख थोडक्यात. सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, सोमालिया-केनियाकडचा भाग आणि समुद्रापलीकडचे येमेन-ओमान, हे त्याचं मूळ गाव. आपला चाफा, कण्हेर आणि सदाफुली त्याच्याच कुळातले. बुंधा फुगीर असतो, त्याला कॉडेक्स म्हणतात, आणि झाड त्यात पाणी साठवून ठेवतं. जाड मुळंही रताळ्यासारखी रसरशीत असतात, त्यांतही पाणीच. म्हणून हे झाड मुळांशिवाय आठवडाभर सावलीत सहज राहू शकतं. आणि म्हणूनच त्याची ओली जखम ओल्या मातीत गेली की कूज आत शिरायला वेळ लागत नाही.

मग मुळं कापायचीच कशाला? कुंडीत जागा संपली की मुळं गोल गोल फिरून एकमेकांना आवळतात आणि बारीक मुळांचा नुसता गुंता होतो. तो मोकळा केला, खाली सरळ जाणारं सोटमूळ आखूड केलं, की झाड आडव्या मुळांना जोर देतं. जुन्या अडेनियमचं ते वडाच्या पारासारखं पसरलेलं रूप या आडव्या मुळांमुळेच येतं. शिवाय वर्षातून एकदा मुळं डोळ्यांनी बघायला मिळतात. आत कूज लागली असेल तर वेळेत कळते.

नागपुरात कधी?

होळीपासून रामनवमीपर्यंत. माझ्यासाठी हा हंगाम पक्का. थंडी गेलेली असते, हवा कोरडी असते, दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास खेळत असतो आणि झाड नुकतं जागं झालेलं असतं. जखम लवकर सुकते, नवीन मुळं लवकर फुटतात, आणि पाऊस यायच्या आत झाडाला दोन-अडीच महिने मिळतात.

एप्रिलच्या शेवटापर्यंतही चालतं, फक्त हिरव्या नेटखाली ठेवावं लागतं. मे महिन्यात मात्र नवख्यांनी हात घालू नये. झाडाला उष्णता सोसते, आफ्रिकेतलंच ते. पण पंचेचाळीस अंशांत तापलेल्या स्लॅबवर ठेवलेली काळी प्लास्टिकची कुंडी आतून भाजते, आणि नवीन फुटलेली केसासारखी मुळं त्यात टिकत नाहीत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपेपर्यंत जुन्या कुंडीतच राहू द्या.

जून उलटला की विषय संपला. मी स्वतः एकदा जुलैत कुंडी बदलली. झाड सुंदर होतं, बुंधा नारळाएवढा, कुंडी फुटली म्हणून घाई केली. मुळं कापली, दोन दिवस वाळवलं, लावलं. वरून झड लागलेली, हवेत दमटपणा इतका की कापडं सुकत नव्हती, तर जखम कुठून सुकणार? पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली, तोवर वरची पानं हिरवीगार होती. नंतर एक दिवस बुंध्याला बोट लावलं तर पिकलेल्या पपईसारखं आत गेलं. वरून हिरवं दिसणारं झाड खालून केव्हाच गेलेलं होतं. ते झाड मला अजून आठवतं.

ऑक्टोबरात माती बदलायला हरकत नाही, पण मुळं कापू नका. थंडी यायला थोडेच आठवडे उरतात. डिसेंबर-जानेवारीत तर रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, झाड झोपलेलं असतं, आणि झोपलेलं झाड जखम भरत नाही.

अपवाद एकच. बुंधा मऊ लागला किंवा मातीला कुजका वास आला, तर महिना बघत बसू नका. त्याच दिवशी झाड बाहेर काढा.

माती, म्हणजे जवळजवळ माती नसलेली

आपली काळी माती कापसाला आणि संत्र्याला चांगली असेल, अडेनियमला ती घात करते. पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते आणि तेव्हा नवीन मुळं तुटतात. नर्सरीतलं झाडही पुष्कळदा चिकट मातीच्या गोळ्यात असतं, तो गोळा पूर्ण काढावा लागतो.

माझं प्रमाण सांगते. एकच डबा मापाला घ्या. चार डबे जाडी रेती, तीन डबे विटांचे किंवा जुन्या कवेलूंचे, म्हणजे छपरावरच्या कौलांचे तुकडे, दोन डबे चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत किंवा गांडूळखत, एक डबा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वर दोन मुठी निंबोळी पेंड. विकतचं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) मिळालं तर विटांच्या तुकड्यांतला एक डबा कमी करून ते घाला. नाही मिळालं तरी अडत नाही.

रेतीबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच चूक होते. कन्हान नदीची रेती बांधकामावर सहज मिळते, पण ती जशीच्या तशी वापरायची नाही. आधी मैद्याच्या चाळणीने चाळायची. खाली पडते ती बारीक रेती बाजूला ठेवा, आपल्याला चाळणीत वर उरलेली हवी आहे. पुष्कळ जण उलटं करतात, कारण चाळल्यावर खालचं घ्यायचं ही हाताची सवय. बारीक रेती कुंडीत बसून सिमेंटसारखी घट्ट होते. वरची जाडी रेती बादलीत घेऊन, गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुवायची आणि उन्हात वाळवायची.

कवेलू मिळाले तर सोडू नका. जुनी घरं पाडली जातात तेव्हा ढीग पडलेले असतात. भाजलेली माती थोडं पाणी शोषून ठेवते आणि तुकड्यांच्या फटींतून हवा खेळते. पोत्यात घालून हातोडीने फोडायचे, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे झाले की थांबायचं. पीठ उडतं ते चाळून टाका.

मिश्रण झाल्यावर एक परीक्षा करा. कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर थांबलं नाही, लगेच खालच्या भोकातून धार लागली, तर जमलं. वर तळं साचलं तर अजून तुकडे घाला. परीक्षेनंतर मिश्रण पुन्हा पूर्ण वाळवा, लावताना ते कोरडंच लागतं.

कुंडी उथळ आणि पसरट घ्या. खोल कुंडीत खालची माती ओली राहते आणि तिथे पाणी प्यायला मुळंच नसतात. मुळं पसरल्यावर चारी बाजूंनी दोन बोटं जागा उरेल एवढीच रुंद. मातीची असेल तर उत्तम, तिच्या अंगातून ओल उडून जाते. तळाला भोकं किमान तीन-चार हवीत.

प्रत्यक्ष काम

शेजारच्या काकूंचं झाड यंदा मार्चमध्ये आम्ही दोघींनी मिळून बदललं, तेच सांगते. काकू कुंडी घेऊन आल्या त्याच मुळी वैतागून. "रोज पाणी देऊन राहिली मी, तरी पानं पिवळीच पडून राहिली ना याची!"

मी म्हटलं, "काकू, आता पाच दिवस पाणी बंद. मग बघू."

हा पहिला टप्पा. बदलायच्या पाच-सहा दिवस आधी पाणी थांबवायचं. माती सुकून मुळांपासून सुटते, मुळं किंचित मऊ पडतात आणि काढताना टचकन मोडत नाहीत.

सहाव्या दिवशी गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरलं आणि हातमोजे घातले. हातमोज्यांबद्दल ऐका: या झाडाचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत शिकारीच्या बाणांना लावायचं विष त्यापासून करत आले आहेत, आणि त्यातले घटक थेट हृदयावर काम करतात. भिऊन जायचं कारण नाही, पण चीक लागलेला हात डोळ्याला, तोंडाला लावू नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि काम चालू असताना लहान मुलं आणि कुत्रं-मांजर जवळ नको.

कुंडी आडवी करून चारी बाजूंनी थापटली. प्लास्टिकची कुंडी दाबली की झाड सुटतं. बुंध्याला खालून धरून काढा, फांदी धरून ओढू नका. मातीच्या कुंडीत फारच रुतलं असेल तर कुंडी फोडा, झाड महाग आहे.

काकूंच्या झाडाचा गोळा चिकट काळ्या मातीचा निघाला. तो आम्ही लाकडी काडीने, बाहेरून आत, हळूहळू मोकळा केला. अर्धा तास गेला. उरलेली माती नळीच्या हलक्या धारेने धुतली. मग मुळं पहिल्यांदा नीट दिसली: तीन जाड आडवी मुळं, एक सरळ खाली गेलेलं मनगटाएवढं, आणि त्यांच्याभोवती काथ्यासारखा बारीक मुळांचा गुंता. त्या गुंत्यात दोन मुळं तपकिरी होती. चिमटीत धरली तर साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. रोजच्या पाण्याचा तो परिणाम. निरोगी मूळ टणक लागतं, कापलं की आत पांढरं किंवा फिक्या पिवळट रंगाचं दिसतं.

आता कात्री. धारदार हवी, बोथट कात्रीने मूळ चेपतं आणि चेपलेला भाग कुजतो. पाती स्पिरिटने पुसून घ्या, आणि कुजलेलं मूळ कापलं की दर वेळी पुन्हा पुसा. आधी कुजलेलं सगळं काढायचं, आत स्वच्छ पांढरं दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका जरी उरला तरी अजून एक चकती काढा. मग बारीक गुंता कापायचा. तो सगळा गेला तरी चालतो, नवीन बारीक मुळं जाड मुळांवरच फुटतात. त्यानंतर एकमेकांवरून गेलेल्या, वळून बुंध्याकडे आलेल्या मुळांकडे बघा. दोघांतलं एक निवडायचं, ज्याची दिशा बाहेरची ते ठेवायचं.

सोटमूळ शेवटी. इथे नवखा माणूस एकतर घाबरतो किंवा एका दमात सगळं सपाट करतो. पहिल्या वर्षी एक तृतीयांशच कापा, उरलेलं पुढच्या वर्षी. काप सरळ, एका झटक्यात, करवतल्यासारखा नको. काकूंच्या झाडाचं मनगटाएवढं मूळ कापलं तेव्हा कडेने चिकाचे थेंब आले. काकू म्हणाल्या, "अगं, रडून राहिलं ते!" ओल्या कापडाने थेंब पुसले आणि दहा मिनिटं तसंच राहू दिलं.

चीक थांबल्यावर प्रत्येक कापावर बुरशीनाशकाची भुकटी दाबून लावायची. मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड कुठल्याही कृषी केंद्रात छोट्या पुड्यांत मिळतं. घरची हळद पुष्कळ जण लावतात. पेन्सिलीएवढ्या मुळाला मीही हळद लावते, पण मनगटाएवढ्या कापाला नाही. भुकटी लावताना नाकाला रुमाल बांधा.

पानं? निम्मी तरी काढून टाका, मोठी आधी. मुळं कमी झाली की तेवढ्या पानांना पाणी पुरवता येत नाही. फांद्यांची जोरदार छाटणी मात्र याच दिवशी नको. झाडाला एका वेळी एकच मोठी जखम भरू द्यावी असं माझं मत आहे. जाणती माणसं दोन्ही एकदम करतात, तुम्हीही दोन-तीन वर्षांनी करून बघा.

आठवडाभर थांबणं

झाड आता सुतळीने बांधून सावलीत उलटं टांगा, किंवा दुरडीत मुळं वर करून ठेवा. हवा खेळती हवी, पण कूलरची नको. नागपुरात मार्चअखेर घराघरात कूलर लागतात, आणि त्यांची ओली हवा जिथे येते तिथे जखम सुकत नाही. किती दिवस? पेन्सिलीएवढ्या कापांना तीन-चार, जाड कापांना सात. दिवस मोजण्यापेक्षा काप बघा. बोट फिरवल्यावर तो बुचासारखा कोरडा, खरखरीत लागला पाहिजे. कुठेही चिकट लागलं तर अजून दोन दिवस.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. "बुंधा सुरकुतला बाई, थोडं पाणी शिंपडू का?" सुरकुततो, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही. बुंधा स्वतःचं पाणी वापरतो आहे, ते साठवलेलंच त्यासाठी असतं. शिंपडू नका.

लावणं

तळाच्या भोकांवर जाळी, वर बोटभर कवेलूचे मोठे तुकडे, मग कोरडं मिश्रण अर्ध्यापर्यंत. मध्ये थोडा उंचवटा करा आणि झाड त्यावर बसवा. मुळांच्या बरोबर खाली कवेलूचा सपाट तुकडा किंवा जुनी सीडी ठेवली तर मुळं खाली न जाता बाजूंना वळतात. मुळं हाताने चहूकडे पसरून द्या, मग मिश्रण भरा. काडीने टोचत टोचत भरलं की मुळांखाली पोकळी राहत नाही.

बुंधा आधी जेवढा बाहेर होता त्यापेक्षा इंचभर वर घ्या. दर वेळी असा इंच-इंच वर आला की काही वर्षांत मुळांचं सगळं रूप बाहेर दिसतं. एकदम चार इंच उघडं टाकू नका, मातीत राहिलेल्या सालीला ऊन सोसत नाही. मुळं कमी झाल्यामुळे झाड डुलतं, म्हणून सुतळीने कुंडीच्या काठाला बांधा. डुललं की नवीन मुळं तुटतात.

नंतरचं पाणी

लावल्यावरही पाच-सात दिवस पाणी नाही. लावताना जे बारीक ओरखडे पडले असतील, त्यांना सुकू द्यायचं. त्यानंतर पहिलं पाणी मात्र भरपूर, खालून धार लागेपर्यंत. मग पुन्हा माती पूर्ण सुकेपर्यंत थांबा. काडी खोचून बघा, कोरडी निघाली तर पाणी, ओलसर निघाली तर उद्या. एप्रिलमध्ये हे साधारण तीन-चार दिवसांनी येतं. पहिले पंधरा दिवस सावलीच्या उजेडात, मग आठवडाभर सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. खत महिना-दीड महिना अजिबात नको.

जुनी पानं पिवळी होऊन गळतात, त्याची काळजी नको. काळजी एकाच गोष्टीची: बुंधा खालच्या बाजूने दाबून बघा. सुरकुतलेला पण टणक म्हणजे तहान. मऊ आणि ओलसर म्हणजे कूज. तसं झालं तर लगेच बाहेर काढून, पांढरं लागेपर्यंत कापून, वाळवणं पहिल्यापासून करा. वेळेत केलं तर झाड वाचतं.

फांद्यांच्या टोकांना नवीन चकचकीत पानं आली की मुळं लागली असं समजा. काकूंच्या झाडाला ती तिसऱ्या आठवड्यात आली.

पहिल्या पावसाळ्यात झाड पत्र्याखाली किंवा बाल्कनीत ठेवा. दोन-चार सरींनी काही होत नाही, आठवडाभराच्या झडीने होतं. तरुण झाडाची कुंडी दरवर्षी, मोठ्याची दोन-तीन वर्षांनी बदला. कुंडीच्या तळाला खडूने नाही, रंगाने तारीख लिहून ठेवा, खडू पहिल्याच पाण्यात जातो.

आणि कापलेली मुळं, गळालेली पानं कुठे टाकता ते बघा. आपल्याकडे घराबाहेर टाकलेला भाजीपाला गाई-बकऱ्या खातात, आणि ही मुळं रताळ्यासारखीच दिसतात. वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवीला गाठ मारा आणि घंटागाडीतच द्या.